तिला झेपत नाही

"अगं, तीन तर शब्द. त्याला काय घोकंपट्टी लागते? म्हणते की मी. ‘तिला झेपत नाही.’ झालं समाधान?"

"तेवढंच म्हण, आई. पुढंमागं काही जोडू नकोस."

"जोडायला मी काय शिंपीण आहे?"

पोरगी हसली नाही. शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या, आणि आईच्या हातांना अजून इस्त्रीचा वास होता.

ती लाँड्रीत दवाखान्याच्या चादरी-अभ्रे इस्त्री करायची. तिथं तिला फौजदारीण म्हणत. कुणी अरे म्हटलं की हिचं का रे तयारच. मुकादमानं एकदा तिच्या घड्यांना नाव ठेवलं, तर साऱ्या बायांदेखत त्याची अशी बिनपाण्यानं केली की तो त्या दिवशी डबा न खाताच घरी गेला. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढायचं ठरवलं होतं. तेव्हा हे तोंडच कामाला आलं. दुसरं होतं काय तिच्याजवळ?

पोरगी मात्र अबोल. सदा कामात म्हणून शेजारीपाजारी तिला मुंगी म्हणत. तिनं शाळेत साधं सोडून वरचं, अवघड गणित घेतलं तेव्हा आईनं गल्लीभर सांगितलं. मग मुंगीचं जेवण सुटलं. एका सकाळी अंथरूण काढताना आईला तिच्या अभ्र्यावर बारीक काळे केस दिसले. दिवसभर अभ्रेच बघणारी बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार? पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं, तर पापण्यांना केसच नाहीत. गणित सुटेना की एकेक केस उपटत बसायची. त्या दिवशी फौजदारीण आवाज न चढवता, गणित सोडून दे म्हणाली.

पण सोडणंही सोपं नव्हतं. पहिल्या महिन्यात कुणीही सोडावं. नंतर मात्र पालकानं मोठ्या बाईंसमोर, लेकराच्या देखत, त्याला झेपत नाही असं आपल्या तोंडानं म्हणायचं. लाजेनं तरी माणूस मागं फिरेल, असा शाळेचा हिशेब. विचारणार एकदाच. त्याचीही मुदत आज संपत होती. त्यानंतर विषय गळ्यातच, आणि त्यात नापास झालं की आख्खं वर्ष पाण्यात.

आत बोलावलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मुंगीकडं बघून हसल्या आणि आईला समजावल्यासारखं म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. वरचं गणित सगळ्यांसाठी नसतंच. चादरींच्या घड्या घालायला साधं गणित पुष्कळ झालं. बोला, झेपतंय का हिला?"

तीन शब्द जिभेवर आले होते. घड्यांचं नाव निघालं आणि ते कुठल्या कुठं गेले.

"न झेपायला काय झालं? तुमच्या नाकावर टिच्चून पास होईल माझी पोरगी. घड्या घालायला मी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उत्तम. मग प्रश्नच मिटला."

फौजदारीण ताठ मानेनं बाहेर आली. कशी जिरवली, हे सांगायला मागं वळली. मुंगी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. दोन बोटं पापणीपाशी गेली होती आणि उपटायला काही सापडत नव्हतं.

आई तशीच आत धावली. म्हणाली, बाई, चुकलं माझं, तिला झेपत नाही, खरंच नाही झेपत.

"मघाचं खरं धरू की आत्ताचं?" बाईंनी मान वर न करता विचारलं. "आणि विचारतो आम्ही एकदाच. तुम्हाला सांगितलं होतं."

फौजदारीण टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली, मग बाहेर आली.

घंटा झाली. तास गणिताचाच होता.

"मी जाते," मुंगी म्हणाली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगी अंग चोरून निघून गेली.

लाँड्रीत शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, काय गं, कुणाची जिरवून आलीस आज? अभ्र्यांचा ढीग आला होता. फौजदारिणीनं वरचा उचलला, टेबलावर पसरला, तळव्यानं दोनदा झटकला. त्यावर काही नव्हतं. पाणी शिंपडलं आणि इस्त्री घेतली.