बदामाच्या पानावरचा मासा

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षकांच्या ग्रुपवर एक उपक्रम आला. मुलांकडून गळालेली लाल-पिवळी पानं गोळा करून घ्या आणि त्यांची चित्रं चिकटवून घ्या. सोबत कुठल्यातरी थंड देशातल्या शेंदरी पानांचे फोटो होते. मीही फार विचार न करता वर्गाला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुलं पिशव्या भरभरून पानं घेऊन आली. सगळी हिरवीगार. पाऊस नुकताच सरलेला, कडुनिंबापासून जास्वंदीपर्यंत सगळं तरारलेलं. तरी आम्ही त्याच पानांचे हत्ती, मोर, घरं करून भिंतीवर लावली. पुढच्या दोन-तीन दिवसांत पानं सुकून वळली आणि हत्तींचे कान भिंतीवरून खाली पडले.

ते कान उचलून देताना एका मुलीनं मला विचारलं, "बाई, आपल्याकडं पानं लाल कधी होतात?"

ही मुलगी विणकराच्या घरातली. घरी तेलुगू बोलायचं, त्यामुळं मराठी वाक्य मनात जुळवून मगच ती तोंड उघडायची. एवढं जुळवून विचारलेला प्रश्न मला टाळवेना. शाळेच्या फाटकाशी बदामाचं मोठं झाड आहे. त्याच्याखालून मी वर्षानुवर्षं ये-जा करते. पण त्याची पानं कधी लाल होतात ते मला सांगता येईना. मी म्हटलं, "मला नाही माहीत. आपण बघत राहू."

मग मधल्या सुट्टीत आमचा वर्ग झाडाखाली जमू लागला. दिवाळी झाली, थंडी पडली, झाड काही बदलेना. पोरांचा उत्साह ओसरला; ती मुलगी मात्र डबा खाऊन झाला की मान वर करून उभी राहायची. संक्रांतीच्या सुमारास पहिली लाली दिसली आणि आठवड्याभरात झाड पेटल्यासारखं झालं. आवार झाडणाऱ्या मावशींना मी पानं राहू द्यायची विनंती केली. त्या हसून म्हणाल्या, "राहू द्या की. न्हायतरी झाडून झालं की परत पडत्यातच."

पानं मिळाली, तशी मुलं पुन्हा हत्ती-मोर करायला लागली. ती मुलगी मात्र एकच पान घेऊन माझ्याकडं आली. पान गडद लाल होतं, पण मधोमध एक पिवळा पट्टा होता, कडा अगदी रेखीव. मला वाटलं, कीड असेल. तिनं मला बाहेर नेलं आणि खालच्या फांदीकडं बोट केलं. तिथं एका पानावर दुसरं पान आडवं टेकलं होतं. वरचं पान तिनं हलकेच उचललं. खालच्या पानावर त्याच्याच आकाराची पिवळी सावली राहिली होती.

"झाकलंय तिथं लाल होत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "आपण झाकलं तर?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही दुसरीतच होते. आम्ही जाड काळा कागद आणला. कुणी चांदणी कापली, कुणी पतंग, तिनं मासा कापला. हात पोचेल तिथली, अजून हिरवी असलेली पानं निवडून त्यांवर हे आकार कपड्यांच्या चिमट्यांनी लावले. येणारे-जाणारे पालक विचारत, झाडाला वाळत काय घातलंय.

बहुतेक प्रयोग फसले. वाऱ्यानं कागद उडाले, काही पानं चिमट्यासकट गळली, चांदणीच्या जागी नुसता तपकिरी डाग उमटला. मासा तेवढा टिकला. पान पुरतं लाल झाल्यावर तिनं चिमटा काढला, कागद उचलला. लाल पानात पिवळा मासा होता. शेपूट जरा पुसट, बाकी नीट. मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

ते पान आम्ही वर्गात लावलं. ते हळूहळू तपकिरी होत गेलं आणि मासा त्यात विरला. मला वाईट वाटलं, म्हणून तिला म्हटलं, फोटो तरी काढून ठेवायला हवा होता. तिचं लक्ष तिकडं नव्हतं. ती खिडकीतून कडुनिंबाकडं बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "तो पिवळाच होऊन गळतो. त्याला लाल का येत नाही?"

चपला घालून आम्ही दोघी कडुनिंब बघायला बाहेर गेलो.