पालथे दगड

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही आल्मेरे या डच शहरात राहत होतो आणि मी भारतातून घडीव दगड मागवून इथल्या बागांना विकत होतो. नायमेखनजवळच्या एका जुन्या बुद्धमंदिराच्या बागेची दुरुस्ती निघाली, तेव्हा पायवाटेचे दगड माझ्याकडून घ्यायचं ठरलं.

ठरलं म्हणजे काय, मंदिर सांभाळणाऱ्या वयस्कर भिक्षुणीबाईंना मी भाव सांगितला आणि त्या "चालेल" म्हणाल्या. मी खाली यायच्या तयारीने सांगितला होता. समोरचा घासाघीस करत नाही म्हटल्यावर मला चैन पडेना. इरेला पेटून सगळ्यात उत्तम माल पाठवला, वरची बाजू घोटून आरशासारखी केलेला.

बायकोला दाखवायला घेऊन गेलो, तर दगड बसवून झाले होते. पालथे. घोटलेली बाजू मातीत, ओबडधोबड पाठ वर.

"अहो, आपलेच ना हे?"

"आपलेच."

"मग उलटी साडी नेसल्यासारखे का दिसताहेत?"

माझं डोकं सणकलं. डच माळी म्हणाला, गुळगुळीत दगडावर शेवाळ धरत नाही, आणि जुन्या वाटेवर होतं तसं शेवाळ परत आणायचंय. आमच्याकडे देवळाच्या पायरीवर शेवाळ दिसलं की काथ्याने घासून काढतात.

"मग आधी बोलायचं. खडबडीत दिले असते."

"दगड चांगले आहेत तुमचे," तो म्हणाला.

"कुठल्या बाजूने?"

त्याने एका दगडावर पाय दाबून पाहिला. "पक्के बसलेत."

मी तडक भिक्षुणीबाईंकडे गेलो. म्हटलं, एक तरी दगड सुलटा करा, माझं काम दिसू दे.

"करू की," त्या लगेच म्हणाल्या. "कुठला?"

पुन्हा तेच. नाही म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. मी वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. त्यातला एक दगड सगळ्यात सुरेख घोटलेला होता, पण पाठीवरून माझाच माल मला ओळखू येईना.

"सांगा ना," बायको हळूच म्हणाली. "माळी पहार घेऊन उभा आहे."

"विचार करून कळवतो," मी म्हणालो. हे वाक्य एरवी गिऱ्हाईक म्हणतं.

कळवलं नाही. त्यांनी आधी विचारायला हवं होतं, असं मात्र अजून वाटतं. कुठला दगड, ते अजून सांगता येत नाही.