देवघरातील अकरा अळ्या

आमच्या घोडबंदर रोडच्या घरात चातुर्मासात मांसाहार करणारा एकच सदस्य होता, आणि तो गॅलरीतील कुंडीत राहत असे. त्याचे नाव घटपर्णी. वनस्पतिशास्त्र शिकणारी माझी नात गार्गी हिने ती वाढवली होती. तिच्या पानांच्या टोकांना लहान सुरया लोंबत. त्यांतील पाचक रसात पडलेली मुंगी पुन्हा बाहेर येत नसे. डोंबिवलीच्या प्रदर्शनात गार्गी हीच कुंडी मांडणार होती. दोन दिवस शिबिराला जाताना तिने मला बजावले, "आजोबा, फक्त पाणी घाला. बाकी काही करू नका."

बाकी काही न करणे मला आजवर साधलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्या आटोपून सुरईत डोकावलो, तर तळाशी बारीक अळ्या वळवळत होत्या. सजीव प्राणी जठराग्नीत तडफडत आहेत आणि मी पळी-पंचपात्र हाती घेऊन स्वस्थ उभा! एकेक अळी पळीने रसासकट उचलली (अकरा भरल्या) आणि पंचपात्र देवघरात सुरक्षित ठेवले.

"अहो, हे काय आहे?" सौभाग्यवतींनी विचारले.

"शरणागत."

"डासांची पोरं आहेत ती. देवापुढे ठेवलीत?"

"त्याचीच लेकरे."

"बरं. मग संध्याकाळी आचमन कशातून करणार?"

मी स्टीलची वाटी मागून घेतली.

त्याच दुपारी सोसायटीने डासांच्या बंदोबस्तासाठी माणूस पाठवला. "काका, यात पाणी साचलंय," म्हणत त्याने प्रत्येक सुरईत औषधाचे थेंब टाकले. मी त्याला चहा पाजला.

सायंकाळी गार्गी परतली आणि थेट सुरयांत डोकावली.

"आजोबा, माझ्या अळ्या कुठायत?"

"तुझ्या?"

"त्या तिथेच राहतात. तो रस त्यांना पचवत नाही. मुंग्यांचे उरलेले तुकडे खाऊन वाढतात. अख्खा प्रोजेक्ट त्यांच्यावर आहे माझा. आणि हा औषधाचा वास... म्हणजे गेल्या सगळ्या."

सुखाने नांदणारे बिऱ्हाड मी रस्त्यावर काढले होते तर. मान खाली घालून पंचपात्र आणले. अकराही जणी मजेत होत्या.

गार्गीने मला मिठीच मारली. "तुम्ही माझं ऐकलं असतं ना आजोबा, तर आज सगळं संपलेलं."

प्रदर्शनात घटपर्णीशेजारी जाळीखाली पंचपात्र विराजमान झाले. पहिले पारितोषिक गार्गीला मिळाले. ते घ्यायला ती पंचपात्रासह व्यासपीठावर गेली. परीक्षकबाईंनी मलाही वर बोलावले. "या आजोबांनी अकरा जीव वाचवले," त्या म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. सभेला अळ्या दिसाव्यात म्हणून गार्गीने जाळी बाजूला केली, आणि मी माइकपुढे भूतदयेवर बोलू लागलो. "क्षुद्रातिक्षुद्र कीटकातही तेच चैतन्य..." इथवर आलो, तोच मनगटावर काहीतरी बसले. दुसरा हात सवयीने उठला. तो फटका माइकने सभागृहभर ऐकवला.

गार्गीने पंचपात्रात पाहिले, मग माझ्या मनगटाकडे.

"आजोबा," ती कुजबुजली, "एकीचा आज सकाळीच डास झालेला."

भूतदयेवरील उरलेले भाषण मी तो हात पाठीमागे लपवून पूर्ण केले.