एका दमातली ओळ

गावाहून निघालो त्या सकाळी नदीवर धुकं होतं. नाव पलीकडच्या काठाला. माझ्या बायकोनं, सरूनं, एकच हाक मारली, "ए नाववाल्याऽऽ". हाक पाण्यावरून गेली आणि नाव सुटली. सासरे म्हणाले, "जावईबापू, तिकडं बेंगळुरात हिनं हाक मारली तर ऐकणार कोण?" मी म्हणालो, "तिथं नदीच नाही. हाक कशाला मारायचीय?"

सरू कविता करायची. प्रेमाच्या, चांदण्याच्या. मी चौथी नापास, मला त्यातलं कळत नाही. पण तिची ओळ त्या हाकेसारखीच लांबलचक असायची. "चांदणं सांडलंय पाण्यावर, ते ओंजळीत धरून माझा सखा पलीकडून येईल का गं". हे सगळं एका दमात.

बेंगळुरातल्या बोम्मसंद्र्यात कारखान्याच्या मागंच खोली घेतली. दोरीवरची धुतलेली लुगडी संध्याकाळपर्यंत करडी व्हायची. तुळस लावली की जळायची. घरमालकीण अक्का म्हणायच्या, "स्वल्प धूर आहे, सवय होते." झाली सवय. खोकल्याची.

आणि सरूची ओळ तुटायला लागली.

चांदणं आहे.
धुरात.
तू
खिडकी लाव.

मराठी मंडळातली पुण्याकडची कंप्युटरवाली पोरंपोरी टाळ्या पिटायची. "काकू, काय स्टाईल आहे तुमची! दोन शब्दांमधली शांतता काय बोलते!" सरू हसायची. "अगं, स्टाईल कसली? दम लागतो मला. श्वास येईस्तोवर थांबते." त्यांना ती थट्टा वाटली. सरू गेली. आता मंडळातल्या सगळ्या पोरी तशाच तुटक लिहितात, थांबत थांबत वाचतात. धडधाकट पोरी. वाचून झालं की बडबडत जिना उतरतात.

वर्षश्राद्धानंतर मंडळानं तिच्या कवितांचं वाचन ठेवलं. माझी नात चित्रा उभी राहिली. "चांदणं आहे." थांबली. "धुरात." थांबली. लोक माना डोलवत होते. मी तिच्या गळ्याखालच्या खळीकडं बघत होतो. थांबली की ती खळी आत ओढली जायची. सरूची अशीच जायची.

घरी विचारलं, "चित्रे, आजीची नक्कल करत होतीस ना?"

"हो," म्हणाली. थांबली. "आबा."

मुलगा माझ्यावरच चिडला. "आबा, पोरीला उगाच घाबरवू नका. कविता आहे ती." डॉक्टर म्हणतो, वाढीचं वय आहे. कारखान्याचा भोंगा वाजतो तेव्हा चित्रा आपणहून खिडकी लावते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुमच्या पोरांना एकदा लांबवर हाक मारायला सांगा आणि कान देऊन ऐका.

आणि गावाकडच्यांनो, नदीवर पूल झाला, नाव बंद पडली, हे मला कळलंय. तरी सुट्टीत मी चित्राला घेऊन येतोय. सरू उभी होती तिथंच तिला उभी करीन आणि हाक मारायला लावीन. गाव म्हणून मला आता एवढंच उरलंय, पलीकडं ऐकणारं कुणीतरी. त्या दिवशी पलीकडच्या काठाला या. हाक पोचली तर हात वर करा.

नाही पोचली, तर माझं मन राखायला हात वर करू नका.