सुमनताई विसरल्या नव्हत्या

हे मी मिलिंदलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. नवऱ्याजवळ जे बोलता आलं नाही, ते तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. पण ऐका.

दुबईजवळ अल ऐनला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सुमनताई आणि त्यांचे यजमान राहायचे. ताई साठीला आलेल्या, नाशिकच्या. माझी नोकरी टिकली ती त्यांच्या जिवावर. माझ्या अन्वीला आणि बिल्डिंगमधल्या आणखी दोघातिघांना त्या रोज स्वतःच्या गाडीतून शाळेतून आणायच्या.

आमच्याकडे उन्हाळाभर गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी अंग भाजेल इतकं तापतं. गीझर लागतो तो थंडीत, आणि तेव्हाच त्याची दुखणी कळतात. त्या डिसेंबरात आमच्या गीझरचा पाइप ठिबकत होता. मिलिंद आधीच पुण्याला गेलेला. त्यानं फोनवर बजावलं होतं — प्लंबर मिळाला नाही तर निदान निघताना मेन व्हॉल्व्ह बंद कर. सिंकखालचं एक चाक फिरवायचं. एवढंच काम.

मी विसरले. टॅक्सी खाली उभी, अन्वी "ममा, यल्ला, वी आर लेट" अशी घाई करत दारात. बाल्कनीतल्या झाडांसाठी ताईंच्या हातात किल्ली दिली आणि निघाले. व्हॉल्व्हबद्दल एक शब्द बोलले नाही. त्यांच्याशी नाही — कुणाशीच नाही.

पुण्याला पोचून जेमतेम दोन दिवस झाले असतील, वॉचमनचा फोन आला. पाइप फुटला होता. आमच्या घरात घोट्याएवढं पाणी, आणि खालच्या मल्याळी कुटुंबाच्या बेडरूमचं फॉल्स सीलिंग कोसळलं होतं — पाळण्यावर. बाळ तेवढ्यात दूध प्यायला आईच्या मांडीवर होतं, म्हणून वाचलं. तो पाळणा मी कधी पाहिला नाही, तरी अजून दिसतो.

मिलिंदनं विचारलं, "व्हॉल्व्ह बंद केला होतास ना?" सासूबाई, नणंद, सगळे माझ्याकडे बघत होते.

"सुमनताईंना सांगितलं होतं मी. किल्ली देताना."

हे मी बोलले? इतकं सहज? विचार करायलासुद्धा थांबले नाही — वाक्य जसं काही तोंडात तयारच होतं.

वाटलं, ताई साफ नाही म्हणतील. मग माझं खोटं उघडं पडेल आणि संपेल. मिलिंदनं ताईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं. ताई हळूच म्हणाल्या, "सांगितलं असशील गं. माझ्याच डोक्यातून गेलं."

माझा संशयसुद्धा आला नाही त्यांना — त्यांनी स्वतःवरच संशय घेतला. आणि का, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या आईला शेवटी पोटची मुलंही ओळखू येत नव्हती. आपलंही तसंच होईल ही धास्ती त्यांनी एकदा माझ्याजवळच बोलून दाखवली होती. फक्त माझ्याजवळ. हे सगळं माहीत असून मी तोंड उघडलं नाही. असं कोण करतं?

आम्ही परतायच्या आधीच ताई खाली जाऊन त्या बाळाच्या आईची माफी मागून आल्या होत्या. मग त्यांनी गाडी चालवणं सोडलं. "मागे लोकांची मुलं असतात गं, मला ऐनवेळी काही सुचलंच नाही तर?" डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. ताईंचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. शेवटी यजमानांनी नोकरी सोडली आणि दोघं नाशिकला गेली. निरोपाचं जेवण मी केलं. हो — मीच.

मागच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेले. चहा उकळल्यावर ताईंनी गॅस बंद केला, कप घेऊन बाहेर आल्या, आणि यजमानांना विचारलं, "मी बंद केला ना हो?" ते निमूटपणे उठून आत बघायला गेले. रोजचंच असावं. मग ताई माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. म्हणाल्या, "तुझं केवढं नुकसान केलं मी तेव्हा."

आम्ही दोघीच होतो खोलीत. मी म्हटलं, "जाऊ द्या हो ताई, झालं गेलं." आणि पुढ्यातला चहा संपवला.