सकूताईंनी पारखलेला रिपीटर

रेडिओवर बापूरावांचा आवाज आला आणि त्यांनी "जेवलास का?" असं विचारलं नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. हट्टा गावचे बापूराव शेतकरी माणूस. बिनतारी संचावरून एकमेकांशी बोलणाऱ्या आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या गटात त्यांच्याइतकं लांबण लावणारं दुसरं कुणी नाही. त्या सकाळी एवढंच म्हणाले, "गजानन, सकूताई गेल्या." त्याला आता महिना उलटून गेला.

सकूताई सेनगावला शाळेत विज्ञान शिकवायच्या. नव्वदच्या दशकात आमचा गट त्यांनीच उभा केला. माझं हिंगोलीत बॅटऱ्यांचं दुकान, म्हणून मलाही ओढलं. औंढ्याजवळच्या डोंगरावर पत्र्याच्या खोलीत आमचा रिपीटर बसवलेला आहे. खालून आलेला बारीक आवाज उचलायचा आणि जोर लावून पुढं पोचवायचा, हेच त्या मशीनचं काम. ते बंद, तर सेनगावचं बोलणं हट्ट्याला ऐकू जायचं नाही.

एका पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाचं पाणी सोडलेलं, फोन बंद पडलेले, आणि बापूराव नदीकाठच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, अडकले. ते मदत मागू लागले, पण त्याआधी सगळ्यांनी रेडिओवर एकमेकांची खुशाली विचारून घेतली होती... पाऊस किती, लेकरं घरी आली का, जेवणं झाली का. मशीन तापत गेलं आणि बापूरावांचं वाक्य अर्धं असतानाच जळालं. त्या अर्ध्या वाक्यावरून ताईंनी जागा ओळखली आणि माणसं धाडली. बापूराव वाचले, बैलजोडी वाहून गेली. ताईंनी ते मनाला फार लावून घेतलं.

नवं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा मी तडकून म्हणालो, "ताई, आधी या लोकांना थोडक्यात बोलायला शिकवा."

त्या हसल्या. "आपली माणसं खुशाली पुसल्याबिगर कामाचं बोलणार न्हाईत, गजू. ते काहून मोडायचं? त्यांचं बोलणं सोसंल असं मशीन बघू."

हैदराबादहून एक विक्रेता दोन मशीनं घेऊन आला. एक चकचकीत, जादा ताकदीचं. दुसरं जुन्या घडणीचं, बोजड. मी अर्थातच चकचकीताच्या प्रेमात. ताईंनी दोन्ही भर उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली नेली, माझ्या दुकानातल्या थकल्या बॅटऱ्या जोडल्या आणि हट्ट्याला घरी बसलेल्या बापूरावांना सांगितलं, "बोला. थांबू नका."

विक्रेता हैराण. "मॅडम, इतना कौन बोलता है?"

"आमचे बापूराव बोलतात," ताई शांतपणे म्हणाल्या.

बापूरावांनी तूर काढली, सोयाबीन काढलं, सोयरिकी काढल्या, जावयाची नवी गाडीसुद्धा सोडली नाही. ताई मशीनवर तळहात ठेवून बसल्या होत्या, लेकराचा ताप बघावा तशा. चकचकीताचा आवाज आधी चिरका झाला, मग त्यानं मान टाकली. बोजड मात्र भाजून निघालं तरी ऊन उतरेपर्यंत बोलत राहिलं. ताकद कमी आहे, अशी मी कुरकुर केली. "हट्ट्यापर्यंत पोचतंय ना? मधीच मुकं होत न्हाई ना? बास," त्या म्हणाल्या. असं पारखणं मला सात जन्मांत सुचलं नसतं.

पुढं मोबाइल आले आणि गटातली बरीच माणसं पांगली. ताई मात्र दर उन्हाळ्यात डोंगर चढून त्या बोजड मशीनवर हात ठेवून यायच्या. फार मोठी बाई होती.

तेराव्याच्या संध्याकाळी आम्ही रेडिओवरच त्यांची आठवण काढायला जमलो. मी मुद्दाम डोंगरावर जाऊन बसलो. रीतीप्रमाणे सगळ्यांनी आधी खुशाली विचारली, मग एकेक जण ताईंविषयी बोलला. शेवटी बापूराव. पूर, आखाडा, बैल, अर्धं राहिलेलं वाक्य... ते बोलतच राहिले. मशीनवर तळहात ठेवला तर चटका बसला. आज नको रे बाबा, असं मी पुटपुटलो.

आणि बापूरावांचा आवाज मधेच थांबला. मी घाबरून मशीनच्या दिव्याकडं पाहिलं. दिवा लागलेला होता. मशीन चालू होतं. पुढं बोलणं बापूरावांनाच जमत नव्हतं, आणि त्यांचे हुंदके सेनगावपर्यंत स्वच्छ पोचत होते.