पुढं असून गुडघा टेकला

रावजी चव्हाणाचा टँकर बहारीनमधल्या तुबलीच्या गॅरेज गल्लीत शिरताना आधी हॉर्न यायचा, मग टँकर यायचा आणि मग खिडकीतून बाहेर आलेला रावजीचा डावा कान दिसायचा. कुस्तीत चेचून चेचून त्या कानाचा पार गोळा झालेला. कागल तालुक्यात असला कान दिसला की लोक बाकावर सरकून जागा करून देतात. इथं मात्र जो तो विचारायचा, "ॲक्सिडेंट झाला काय?"

"व्हय," रावजी म्हणायचा, "म्हैस आडवी आलती."

गल्लीच्या टोकाला मुनाफचं दुकान. मुनाफ दाभोळकडचा कोकणी मुसलमान. धंदा गाड्यांच्या सीटा शिवायचा. जुनं कव्हर फाडायचं, आतला स्पंज बदलायचा आणि वर नवं रेक्झिन ताणून ठोकायचं. माणूस गोल, पोट पुढं, पण रेक्झिन ताणून ताणून बोटं अशी झालेली की त्याच्याशी हात मिळवणारा आपली बोटं मोजून घ्यायचा. त्याची बायको महमुदा गावी सासूजवळ. इथं त्याला घर म्हणून जे काही होतं ते शुक्रवारी दुपारी भरायचं. जुम्म्याची नमाज झाली की दुकानाच्या मागच्या खोलीत तो हामूर माशाचं सालन आणि भात शिजवायचा. रावजी गावाकडची कांदा-लसूण चटणी घेऊन यायचा. शब्बीर यायचा, तो म्हसळ्याचा, एका शिपिंग कंपनीत क्लार्क. गळ्यात टाय घालून आलेला एकटाच तो, त्यामुळे हाडं-काटे उचलायचं काम त्याच्याकडं.

आणि जेवणं झाली की अमेरिकन फुटबॉल.

हे खूळ लागलं ते डगमुळं. डग अमेरिकन नेव्हीच्या तळावर नोकरीला होता. त्याच्या पिकअपच्या सीटा मुनाफनं शिवल्या, त्या त्याला एवढ्या आवडल्या की तो अधूनमधून नुसता बसायला यायला लागला. अमेरिकेतून भावानं पाठवलेल्या खेळाच्या टेपा त्यानं मुनाफला दिल्या. साध्या व्हीसीआरवर त्या चालेनात, चित्र करडं पडून नाचायचं. मग शब्बीरनं कुठून तरी दोन्ही प्रकारच्या टेपा चालणारा व्हीसीआर पैदा केला. टेप आखूड आणि खेळ लांबडा, त्यामुळे ऐन शेवटाला पडदा निळा व्हायचा. पुढं काय झालं ते डग आला की त्याच्या तोंडून कळायचं.

रावजीला नियम कळत नव्हते आणि कळून घ्यायचेही नव्हते. दोन्ही बाजूंचे आडदांड गडी समोरासमोर वाकले, की तो मांडी ठोकायचा. "बघ, बघ! खांद्याला खांदा लावला. त्यो डावीकडचा बघ मुनाफभाय, पायात ताकद हाय लेकाच्या. ह्याला आमच्या तालमीत दोन वर्सं घाल, कोल्लापूर हलवंल."

"बॉल कुठं हाय ते बग की," मुनाफ म्हणायचा.

"बॉलला काय बघायचं? बॉल काय कुस्ती करतोय?"

त्या वर्षी शब्बीरनं बातमी आणली. अमेरिकेच्या लीगनं युरोपात टीमा उभ्या केल्या आहेत, लंडनला, बार्सिलोनाला, फ्रँकफर्टला, आणि उन्हाळ्यात तिथं सामने होतात. मुनाफच्या डोळ्यांपुढं एकदम चित्र उभं राहिलं.

"म्हंजे बाहेर पडले ते. आज लंडन, उद्या बहारीन. नेव्ही हितं हाय, ग्राउंड हाय, पेट्रोल हाय. काय कमी हाय?"

"माणसं," शब्बीर म्हणाला. "पब्लिक कोण येणार मुनाफभाय? आपण तिघं?"

"मी सनाबिसच्या सगळ्या टॅक्सीवाल्यांना आणतंव. सीटा शिवल्यात मी त्यांच्या."

रावजीनं मान हलवली. "अरं, जूनच्या उन्हात ते चिलखत घालून गडी उतरला तर शिजंल की. झाकण उघडून बघायचं, आत मऊ भात."

"थंडीत खेळवा ना मग. डिसेंबरला," मुनाफ म्हणाला.

"आणि मुळात बाहेर न्यावाच कशाला? कुस्ती मुंबईला न्हेली, ठेकेदारांच्या हातात गेली. खेळ घर सोडून लांब गेला की त्येच्यामागनं दलाल जातोय."

"घर सोडून लांब तू पण आलास," मुनाफ म्हणाला. तिघं हसले. त्या हसण्याची मुनाफला नंतर फार आठवण यायची, कारण त्याच दुपारी घोटाळा झाला.

त्या आठवड्याची टेप डगच्या भावानं हळू वेगावर भरली होती, त्यामुळे पहिल्यांदाच खेळ शेवटपर्यंत होता. निळे थोडक्यात पुढं. लालवाले पेटलेले. बॉल निळ्यांकडं. रावजी सरकत सरकत टीव्हीच्या पुढ्यात. आता काय होणार? दोन्ही बाजूंचे गडी वाकले. निळ्यांच्या म्होरक्यानं बॉल हातात घेतला, आणि घेतल्या घेतल्या गुडघा टेकून खाली बसला.

कुणी धरलं नाही, कुणी ढकललं नाही. आपणहून बसला.

उठले, परत रांग लावली, परत बॉल घेतला, परत बसला. लालवाले हात सोडून उभे. मग सगळे एकमेकांना मिठ्या मारायला लागले आणि खेळ संपला.

रावजी हळूच उठला. त्यानं टीव्ही बंद केला.

"नुरा हाय ही," तो म्हणाला.

शब्बीरला शब्द कळला नाही. मुनाफला कळला, कारण रावजीनं तो इतक्या वर्षांत एकदाच उच्चारला होता. आतून आधीच ठरवलेली, लोकांना दाखवायला लढलेली कुस्ती म्हणजे नुरा.

"अरे, जिंकला ना तो!" शब्बीर म्हणाला. "पुढं असलेला माणूस कशाला मॅच सोडेल? फिक्सिंग असती तर हरला असता."

"तुला न्हाई कळायचं, शब्बीर. पुढं असलेला गडी हात न लावता खाली बसतोय आणि समोरचा गडी बघत उभा ऱ्हातोय. दोघांला ठावं हाय, काय व्हायाचं ते. मी असल्या कुस्त्या मैदानात बसून बघितल्यात. मिठ्या पण अशाच मारत्यात."

"पण नियम असेल काही—"

"नियम तर नुरेला बी असत्यात!"

चप्पल घालून तो निघून गेला. चटणीची बाटली तशीच राहिली.

मुनाफला माहीत होतं, हे टीव्हीवर चिडणं नव्हे. रावजी तेवीस-चोवीसचा असताना जत्रेच्या मैदानात त्याची शेवटची कुस्ती लागली होती. समोरचा गडी नावाजलेला. आदल्या संध्याकाळी तालमीच्या मालकानं रावजीला बाजूला घेतलं, 'पाच मिनिटं झुलव आणि पाठ टेक, तुझी सोय करू' म्हणाला. रावजीनं मैदानात उतरून दोन मिनिटांत त्या नावाजलेल्या गड्याला अस्मान दाखवलं. लोकांनी खांद्यावर घेऊन गाव फिरवलं. त्यानंतर त्याला कुस्ती कुणी दिली नाही. जोडच लावेनात. खुराक बंद झाला, तालमीत लाल मातीवर पाय ठेवायची चोरी झाली. मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग मुंबई, मग बहारीन आणि गोड्या पाण्याचा टँकर. ह्यावर रावजी कधी रडला नाही. पण खोट्या खेळापुढं बसायचं नाही, हा एकच कुळाचार त्यानं पाळला होता.

पुढच्या शुक्रवारी रावजी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टँकर गल्लीतून जायचा, हॉर्न वाजायचा नाही. मुनाफनं हात केला तर रावजी आरशात बघायचा. शब्बीरनंही मग 'ऑफिसला काम आहे' सुरू केलं. मुनाफ एकट्यापुरतं सालन करायला बसला आणि त्याला कळेना मीठ किती घालायचं. आजवर तिघांच्या अंदाजानं हात चालायचा.

डग आला तेव्हा मुनाफनं त्याला सगळं सांगितलं. डग आधी हसला, मग मुनाफचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. त्यानं समजावलं ते असं. खेळ घड्याळावर चालतो. आपण पुढं असलो, बॉल आपल्याकडं असला आणि वेळ थोडाच उरला, की कशाला पळायचं? पळताना कुणी हातातला बॉल उडवला तर जिंकलेला सामना जातो. गुडघा टेकला की तो डाव तिथंच मेला, बॉल सुखरूप, आणि घड्याळ मात्र पळत राहतं.

मुनाफला पटलं. अडचण एवढीच, की रावजीला पटवणारी माणसं आयुष्यात फार भेटली होती. आणि गावाकडच्या कुस्तीला घड्याळ कुठं असतं? एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालते ती. जिंकलेला सामना जपून ठेवायचा असतो, हे त्याच्या अंगालाच माहीत नव्हतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी मुनाफनं टँकर कंपनीला फोन केला. दुकानाला गोडं पाणी पाहिजे, अर्जंट.

ड्यूटी म्हटल्यावर रावजीला दुपारी यावं लागलं. कुणाशी न बोलता त्यानं पाइप छपरावरच्या टाकीत सोडला, टँकरवर उभं राहून पंप चालू केला आणि पहिल्याच मिनिटाला छपरावरनं धो धो पाणी मुनाफच्या डोक्यावर.

"टाकी भरलेली हाय की!" रावजी ओरडला. पंप बंद केला. "डोकं फिरलं काय तुझं?"

"हौ," मुनाफ भिजलेल्या कुर्त्यात उभा राहून म्हणाला. "मना तुझं पाणी नको, तू पायजेस. दोन मिन्टं उतर खाली."

खाली डग उभा होता, हातात तो लांबट बॉल. शब्बीरही होता. शेजारच्या बॅटरीच्या दुकानातला राजन, तो मल्याळी, गंमत बघायला बाहेर आलेला.

"मी टीव्ही बघणार न्हाई," रावजी म्हणाला.

"टीव्ही कोण लावतोय? हितं मातीत खेळायचं हाय. तू पुढं हायस. बॉल तुझ्याकडं. शब्बीरच्या घड्याळात एक मिनिट उरलंय. त्या मिनिटात बॉल तुझ्या हातात राहिला तर तू जिंकलास. गेला तर हरलास. बस."

"आणि काढून कोण घेणार?"

"मी."

रावजी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला. "तू? मुनाफभाय, तुला खाली वाकून सोताचं पाय दिसत न्हाईत."

"भिऊ नको. गुडघा टेकलास तर मी हात लावणार नाय. तसा नियम हाय."

"गुडघा? हॅट! चल, ये."

रावजीनं लुंगी वर खोचली, बॉल काखेत मारला आणि पाय रोवले. डगनं हात खाली केला. मुनाफ गेला. रावजीनं एका हातानं त्याला असा झुलवला की मुनाफ स्वतःभोवती फिरून जुन्या सीटांच्या ढिगात बसला. राजन टाळ्या पिटायला लागला. मुनाफ उठला, परत गेला. रावजीनं खांदा लावला. पण ह्या खेपेला मुनाफ त्याच्या अंगाला भिडलाच नाही, त्यानं बॉलचं टोक पकडलं. आणि रेक्झिनच्या कडेला जसा तो हिसका द्यायचा, तसा दिला.

बॉल रावजीच्या काखेतून साबणासारखा निसटला. तो वळेपर्यंत मुनाफनं पोटाखाली घेऊन त्यावर अंग टाकलं होतं.

"खलास!" शब्बीर ओरडला. "टाइम!"

रावजी आपल्या रिकाम्या काखेकडं बघत राहिला. मग डगकडं. मग पालथ्या पडलेल्या मुनाफकडं, जो धापा टाकत म्हणत होता, "बगितलास? पुढं होतास. जिंकलेला होतास. हातातनं नेला."

 रावजीनं गालावरचा घाम पुसला.

"म्हंजे त्यो निळा," तो शेवटी म्हणाला, "भ्याला."

"हौ, भ्याला!" मुनाफ म्हणाला. "लय भ्याला. त्याला भीती वाटली, म्हणूनच बसला. ठरलेलं असतं तर भ्याला असता काय?"

"न्हाई." रावजीनं मान डोलावली, सावकाश. "ठरलेल्या गड्याच्या अंगात भ्या नसतंय. मी बघितलाय त्यो जवळनं. त्यो घाम सुदिक खोटा आणतोय." मग डगकडं वळून मोडक्या हिंदीत त्यानं निकाल दिला, "साब, तुम्हारा आदमी चोर नहीं. डरपोक है."

डगला अर्धं कळलं. तो म्हणाला, "ओके."

"बस मग," मुनाफ म्हणाला. "आत चल, हामूर थंड होतोय."

"थंड होऊ दे." रावजीनं पालथ्या मुनाफला काखेत हात घालून उभं केलं, त्याच्या कुर्त्यावरचा चिखल आपल्या हातानं झटकला आणि बॉल उचलून परत काखेत मारला. ह्या खेपेला दोन्ही हातांनी.

"पुन्यांदा," तो म्हणाला. "आणि शब्बीर, घड्याळ नीट बघ. मी गुडघा टेकणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो."

टँकर गल्ली अडवून उभा होता. मागं अडकलेल्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला, "यल्ला, यल्ला!" म्हणून अरबीत घाई केली. मुनाफनं भिजलेल्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि पुढं सरकला.